वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : डेक्कन कॉलेज

गेल्या अंकातल्या आवाहनाला बरीच पत्रे आली. त्यातल्या पाच प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

येरवड्याकडून जाताना 'अभिमत विद्यापीठ' अशी पाटी दिसते. ही संस्था सरकारी की खासगी? दोनशे वर्षांची म्हणतात, ते खरे का?
(वाचक, विश्रांतवाडी)

दोनशे वर्षे खरी, पण मध्ये एक मोठा खंड आहे, आणि सरकारी-खासगीचे उत्तर त्या खंडातच सापडते.

पेशवाईत श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्या खर्चाचा काही भाग विद्येकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिचे नाव 'हिंदू कॉलेज'. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेत मिसळली आणि 'पूना कॉलेज' झाले. १८६४ मध्ये येरवड्याला काळ्या दगडाच्या इमारतीचा पाया घातला गेला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याची मोठी देणगी होती. नाव 'डेक्कन कॉलेज' ठरले आणि १८६८ पासून वर्ग तिथे भरू लागले. टिळक आणि आगरकर एकमेकांना भेटले ते इथेच.

१९३४ मध्ये सरकारने खर्चाचे कारण देऊन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांना हे मान्य झाले नाही. न. चिं. केळकर, बॅ. मु. रा. जयकर अशी मंडळी पुढे झाली आणि देणगीच्या मूळ हेतूवर बोट ठेवून प्रकरण न्यायालयात गेले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारे पुन्हा उघडली, ती मात्र बी. ए.च्या वर्गांसाठी नाही, तर पदव्युत्तर आणि संशोधन संस्थेसाठी. त्याच वर्षी हसमुख सांकलिया पुरातत्त्वात आणि इरावती कर्वे समाजशास्त्रात रुजू झाले. कॉलेज बंद पडले नसते तर कदाचित ते आणखी एक चांगले आर्ट्स कॉलेज म्हणून चालू राहिले असते. त्या माजी विद्यार्थ्यांचे ऋण पुण्याने अधिक मोकळेपणाने मानायला हवे.

१९९० मध्ये अभिमत दर्जा, म्हणजे विद्यापीठाप्रमाणे स्वतः पदव्या देण्याचा अधिकार, मिळाला. कारभार स्वतंत्र, पण खर्चाला सरकारी अनुदान आहे, म्हणून काटेकोर अर्थाने हिला खासगी म्हणता येत नाही. खासगी देणगीतून उभी राहिलेली संस्था पाहायची असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्था पाहा. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या छत्राखाली, १९३० मध्ये ती निघाली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक होते.

डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे आणि अजून 'अ' अक्षरच संपलेले नाही, असे वाचले. इतका उशीर का?
(वाचक, सदाशिव पेठ)

उशीर हा शब्द इथे अन्यायाचा आहे. काम कसे चालते ते पाहिले की हे पटेल.

हा कोश ऐतिहासिक तत्त्वावरचा आहे. शब्दाचा नुसता अर्थ दिला की संपले, असे नाही. तो शब्द सर्वांत आधी कुठे आला, मग कुठे, अर्थ कसा सरकत गेला, हे उताऱ्यांसह कालक्रमाने द्यायचे. त्यासाठी कोशाची योजना आखणारे डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऋग्वेदापासून पुढचे सुमारे १,५०० ग्रंथ निवडले. काव्य, व्याकरण, वैद्यक, गणित, शिल्प, अश्वशास्त्र अशा ६२ विद्याशाखा त्यात येतात. पहिली सुमारे २५ वर्षे फक्त चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचे वाक्य आणि ग्रंथातला नेमका ठिकाणा. अशा जवळपास १ कोटी चिठ्ठ्या खणांमध्ये अक्षरक्रमाने लावलेल्या आहेत. छापील पहिला भाग १९७६ चा.

अडते कुठे, तर संधीपाशी. 'तत्रागतः' हे घ्या. तत्र + आगतः म्हटले तर 'तिथे आला'. तत्र + अगतः म्हटले तर 'तिथे न गेलेला'. अक्षरे तीच, अर्थ उलटा. चिठ्ठी लिहिणाऱ्याने चुकीचे तोडले तर ती 'आ' ऐवजी 'अ'च्या खणात जाते आणि संपादकाला तिथे नको असलेला पुरावा मिळतो. त्यामुळे संपादक चिठ्ठीवर विसंबत नाही. मूळ ग्रंथ काढून मागचा-पुढचा मजकूर वाचतो, ग्रंथावर जुनी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारे भाष्य, असेल तर तीही पाहतो. ग्रंथाची नंतर अधिक चांगली आवृत्ती निघाली असेल तर पाठ बदललेला असतो आणि पृष्ठांकही. मग चिठ्ठी नव्याने जुळवावी लागते. ज्या चिठ्ठीवर ठिकाणा अर्धवट आहे, तिच्यावरचा शब्द कितीही दुर्मीळ असला तरी कोशात घेता येत नाही.

दुसरे कारण 'अ' हेच. नकाराचा अ आणि अन्, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग याच अक्षरात पडतात. मोनिअर-विल्यम्सच्या १,३३३ पानांच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही पहिली सव्वाशे पाने 'अ'चीच आहेत. तेव्हा खंडांची संख्या आणि अक्षर यांवरून गती मोजू नये. खरी काळजी वेगळी आहे. संधी सोडवू शकणारी, पाणिनी आणि वैद्यक दोन्ही वाचू शकणारी माणसे तयार व्हायला दहा-दहा वर्षे लागतात. जागा रिकामी राहिली की नुकसान त्या एका वर्षाचे होत नाही, पुढच्या दहा वर्षांचे होते.

जुन्या लेखात 'डेक्कन कॉलेजातील हस्तलिखित' असा उल्लेख आहे. तिथे गेलो तर भांडारकर संस्थेत जा म्हणाले. पोथी नेमकी कुठे शोधायची?
(वाचक, कोथरूड)

बरोबर सांगितले. ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर या संस्कृत पंडितांनी सरकारसाठी जमवलेल्या पोथ्या पूर्वी डेक्कन कॉलेजात होत्या. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि त्यानंतर तो संग्रह तिकडे गेला. पोथीचा क्रमांक दोन भागांचा असतो : अनुक्रम आणि संग्रहाचे वर्ष. 'क्र. ३७, १८८०-८१' असा तो लिहावा. लोक नुसते '३७' टिपून आणतात आणि मग हाती काहीच लागत नाही, कारण दर वर्षीच्या संग्रहात एक ३७ असतो. 'विश्रामबाग १' किंवा 'विश्रामबाग २' असे लिहिलेले दिसले तर त्या जुन्या पाठशाळेच्या पोथ्या समजाव्यात.

डेक्कन कॉलेजात पीएच. डी. किती वर्षांत होते?
(वाचक, हडपसर)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. त्यात किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) कोर्सवर्क धरलेले आहे. विषय पुरातत्त्व, भाषाशास्त्र किंवा संस्कृत व कोशशास्त्र. अर्जाआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे विचारून घ्यावे.

घोडनदीकाठी आमच्या शेतात नांगराला काळी नक्षी असलेली लाल खापरे लागली. इनामगाव आमच्यापासून लांब नाही. काय करावे?
(वाचक, शिरूर तालुका)

नांगर तिथेच थांबवा. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा हंगाम उत्खनन केले आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. पातळ, टिचकी मारल्यावर खणखणणारी, लाल पृष्ठावर काळ्या रेघांची खापरे ही तिथल्या जोर्वे संस्कृतीची ओळख आहे.

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की या शेतात कधी पांढरीची, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाची, माती आणून टाकली होती का. खत म्हणून ती गाड्या भरून नेत असत आणि तिच्यासोबत खापरेही दुसऱ्या गावाहून येतात. तसे असेल तर मूळ जागा ती जुनी पांढर आहे, तुमचे शेत नाही. अनेक नोंदी इथेच चुकतात.

तसे नसेल तर शेजारी पट्टी ठेवून जागेवर फोटो काढा. गट नंबर, बांधापासूनचे अंतर आणि खोली लिहा. खापरे धुऊ नका, घासू नका. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. ओलसर वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधली तर बुरशी धरते. जाड कागदाची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा (शाई ओलीने पसरते) आणि एक पिशवीच्या आत, एक बाहेर ठेवा. चिठ्ठी हरवलेले खापर कुठल्या थरातले हे कोणालाच सांगता येत नाही.

तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी दिसली तर हात लावू नका. इनामगावला लहान मुलांचे दफन अशा मडक्यांत, घराच्या जमिनीखाली केलेले सापडले आहे. माती परत हलकेच लोटून जागा झाका. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यातली मर्यादा आजही १० रुपये आहे. खापरांसाठी तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि त्याची प्रत फोटोंसह पुरातत्त्व विभागाला पाठवा. पिशव्या स्वतः घेऊन येण्याची घाई करू नका, अभ्यासकांना आधी जागा पाहायची असते.