पिकासाठी जमीन शोधताना : वाचकांचे प्रश्न

जीआयएसच्या (संगणकावर नकाशांचे थर जुळवून पाहण्याच्या तंत्राच्या) मदतीने पिकायोग्य जमीन शोधणाऱ्यांचा गोंधळ दर वेळी त्याच जागी होतो, म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागते का?

नाही. मोफत मिळणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर पुरते.

प्रश्न : प्रदेश सपाट आहे, तरी नकाशात सगळीकडे ८५-९० अंश उतार दिसतो.

तुमच्या रास्टरमध्ये, म्हणजे पिक्सेल नावाच्या छोट्या चौकोनांनी बनलेल्या उंचीच्या नकाशात, आडवे अंतर अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये. आधी रास्टर तुमच्या भागाच्या यूटीएम प्रक्षेपणात (मीटरमध्ये अंतर मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत) आणा, मग उतार काढा. प्रक्षेपण बदलताना उंचीसाठी ‘बायलिनियर’ (शेजारच्या पिक्सेलांवरून मधले मूल्य काढणारा पर्याय) निवडा, पण मातीच्या प्रकारांसाठी ‘नियरेस्ट नेबर’च (सर्वांत जवळचे मूल्य जसेच्या तसे घेणारा). नाहीतर प्रकार १ आणि ३ यांच्या मध्ये तिथे नसलेला २ उगवतो.

प्रश्न : तुरीसाठी एएचपीने (घटकांची जोडीजोडीने तुलना करण्याच्या पद्धतीने) प्रत्येक घटकाच्या महत्त्वाचे भारांक काढले. सुसंगती गुणोत्तर ०.०४ आले. आता नकाशा बरोबर ना?

एवढ्यावरून नाही. गुणोत्तर ०.१० च्या आत आले, म्हणजे तुमच्या तुलना एकमेकींशी जुळतात. त्या जमिनीशी जुळतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

एक पिक्सेल घेऊ. ९ पैकी गुण असे : पाऊस ९ (भारांक ३५ टक्के), उतार ९ (२०), सामू ८ (२०), निचरा १ (२५). गुणांना भारांकांनी गुणून बेरीज ६.८, म्हणजे नकाशात चांगली जमीन. प्रत्यक्षात तिथे पाणी तुंबते, तुरीची मुळे कुजतात आणि सामू कितीही उत्तम असला तरी पीक हातचे जाते. शिवाय ज्या सपाटपणाबद्दल उताराला पैकीच्या पैकी गुण दिलेत, त्यानेच निचरा अडवला आहे!

म्हणून आधी निचरा, मातीची खोली, क्षारता असे अडवणारे घटक घ्या. प्रत्येकाची मर्यादा ठरवून ० किंवा १ चा थर करा आणि बेरजेला त्याने गुणा. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) १९७६ च्या चौकटीतले एस१ (उत्तम) ते एस३ (जेमतेम योग्य) आणि एन (अयोग्य) हे वर्ग वापरत असाल, तर सर्वांत वाईट घटकाचा वर्गच जमिनीला द्या. मर्यादा मात्र दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नका. तुरीला मारणारे तेच पाणी भाताला चालते. मृदाशास्त्रज्ञ आणि पीकतज्ज्ञ यांच्याबरोबर बसूनच आकडे ठरवा.

प्रश्न : एक कंपनी ‘१० मीटर अचूकतेचा’ नकाशा विकते. त्यावरून दोन एकर घ्यावेत का?

मुळीच नाही. मातीची माहिती कुठून घेतली, हे आधी लेखी मागा. सॉइलग्रिड्स या जगभरच्या माती-नकाशाची असेल तर तिचा एक पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टरचा. तुमचे दोन एकर त्याच्या एका कोपऱ्यात मावतात. त्याचे १० मीटरचे ६२५ तुकडे केले की रंग गुळगुळीत होतात, माहिती तेवढीच राहते. १० मीटरचे असते ते उपग्रहाचे चित्र, आणि विक्रेते मातीलाही तोच आकडा चिकटवतात.

प्रश्न : एनडीव्हीआय (उपग्रहाच्या चित्रातून काढलेला हिरवेपणाचा आकडा) जास्त, म्हणजे जमीन सुपीक?

तणही हिरवेच दिसते.

प्रश्न : माती तपासणी पेरणीनंतर केली तर चालेल?

नाही, आताच करा. नकाशाने दाखवलेल्या जागी मीटरभर खोल खड्डा घ्या. राखाडी मातीत तांबूस-पिवळे ठिपके दिसले, तर तिथे पाणी बराच काळ तुंबून राहते. ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमी खोलीची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून सामू व क्षारतेसाठी प्रयोगशाळेत द्या. अहवाल कृषितज्ज्ञाला दाखवा, बियाणे त्यानंतर आणा.