सोलापुरातून मित्रांसह जुन्या आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या लिलावाला जायचे आहे. तिथे गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल का?

आपण विचारले आहे की, सोलापुरातले काही मित्र मिळून अशा लिलावाला जाण्याचा बेत आहे, तिथे काय पाहावे आणि गाडी आवडली तर घ्यावी का. माझे उत्तर असे की जरूर जा, मित्रांना घेऊनच जा, मात्र लिलावाच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाहणीच्या दिवशी पोहोचा. गाडी निवडण्याचे सगळे काम त्या दिवशी होते. बोलीच्या दिवशी केवळ आकडा ठरतो. आणि पैसे मोजायचेच असतील, तर नव्या रंगात झळकणाऱ्या मॉडिफाय गाडीपेक्षा मूळ रूपातली, कागदपत्रे पूर्ण असलेली, दिसायला थोडी फिकी पडलेली गाडी घ्या. हे मत मी विचारपूर्वक देत आहे आणि त्याची कारणे पुढे सांगतो.

आम्ही मित्र पुण्याजवळच्या अशाच एका लिलावाला गेलो होतो. आमच्यापैकी एकाचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे, दुसरा आरटीओची कामे करतो, आणि मला स्वतःला लहानपणापासून जावा-येझदी या जुन्या मोटारसायकलींचे वेड आहे. मोठ्या शेडमध्ये एका बाजूला प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, एक डुक्कर फियाट, लॅम्ब्रेटा स्कूटर आणि आरएक्स १०० अशा गाड्या ओळीने लावल्या होत्या. दुसऱ्या बाजूला मागची सीट कापून बसक्या केलेल्या बुलेट आणि रुंद टायर चढवलेल्या उघड्या जीप होत्या. पंढरपूर-बार्शीच्या रस्त्यांवर ज्या महिंद्रा जीप आपण वडापला, म्हणजे प्रवासी भरून, धावताना पाहिल्या, त्याच तिथे पॉलिश करून उभ्या पाहिल्या की कोणाही सोलापूरकराचे मन हलते, आणि मन हललेल्या माणसाबरोबर शांत डोक्याचा मित्र असणे तिथे फार आवश्यक असते.

आमच्या आरटीओवाल्या मित्राने गाडीला हात लावण्याआधी प्रत्येक ठिकाणी आरसी बुक मागितले. तिथे दोन येझदी होत्या. त्यातली एक लालभडक रंगवलेली, क्रोम चकाकणारी आणि सर्वांची नजर वेधून घेणारी होती. मित्राने हँडलखाली चौकटीच्या मानेवर असलेला चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक, रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. कागदावर आकडे उमटले, पण शेवटचे दोन आकडे इतरांपेक्षा उथळ होते आणि त्यांच्या आजूबाजूला कानस फिरवल्याच्या बारीक रेषा स्पष्ट दिसत होत्या. कागद त्याने आम्हाला दाखवला आणि आम्ही त्या गाडीपासून बाजूला झालो. नंबर पुन्हा ठोकलेला असेल आणि त्याची नोंद आरटीओकडे नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती आपल्या नावावर होणे कठीण. उलट तपासात ती चोरीची निघाली, तर गाडी आणि पैसे दोन्ही जातात. जुन्या कागदी आरसीची नोंद ऑनलाइन आहे का, हेही तिथेच मोबाइलवर पाहून घ्यावे. जुन्या तीन अक्षरी क्रमांकाच्या अनेक गाड्यांची नोंद संगणकात चढलेलीच नसते, आणि ती चढवून घेण्यासाठी मूळ आरटीओ कार्यालयात खेटे घालावे लागतात.

वयाचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते, त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग केला. त्यात नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षे टिकते, नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते आणि आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढायची असते. त्यामुळे रोज सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत फेरी मारण्याचे स्वप्न असेल, तर १९८० किंवा १९९० च्या दशकातली, नूतनीकरण झालेली गाडी आपल्याला अधिक उपयोगाची आहे. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेली गाडी या व्हिंटेज वर्गात बसतच नाही.

मॉडिफाय गाड्यांची खरी अडचण इथूनच सुरू होते. अमेरिकेत जुन्या गाडीला नवे इंजिन, नवे ब्रेक बसवून तयार केलेल्या गाड्या लिलावात मूळ गाडीपेक्षाही महाग जातात, आणि अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात तर असंख्य गाड्या राखीव किमतीशिवाय, म्हणजे किमान किंमत न ठरवता, विकल्या जातात. तिथल्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही तसेच असेल असे वाटू लागते. परंतु आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम ठेवली. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी घेऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते, रंग बदलला तरी तो आरसीवर यावा लागतो. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि बदल आधीच्या मालकाने केला होता हे रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या पोलिसाला सांगून सुटका होत नाही. त्या शेडमधली एक बुलेट मी बराच वेळ पाहत उभा होतो. तिच्या टाकीवरचे हाताने ओढलेले सोनेरी पट्टे आणि वेल्डिंगचा एकसारखा सांधा पाहून त्या कारागिराबद्दल मला मनापासून आदर वाटला. तरीही ती घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही, कारण तिची चौकट मधूनच कापून जोडलेली होती.

आता पत्र्याकडे वळू. चारचाकीत इंजिन सुधारता येते, पत्रा सुधारणे मात्र फार खर्चाचे असते. आमच्या गॅरेजवाल्या मित्राने खिशातून रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि एका पद्मिनीच्या दाराखालच्या पट्टीवरून ते हळूहळू सरकवले. पुढच्या चाकापाशी चुंबक घट्ट धरत होते. मागच्या चाकाच्या जवळ आले आणि ते सरळ खाली पडले. तिथे पत्रा उरलेलाच नव्हता, बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता. त्यानंतर त्याने पायाखालची मॅट उचलली, डिकीतले जादा चाक बाजूला केले, बॅटरीचा ट्रे पाहिला आणि दाराचा खालचा काठ बोटाने चाचपला. याच जागी पाणी साचते आणि गंज धरतो. मुंबईत किंवा कोकणात वापरलेल्या गाडीला खाऱ्या हवेचा त्रास होतो, तर सोलापूर, विजापूर, कलबुर्गी या कोरड्या पट्ट्यातल्या गाडीचा पत्रा सहसा बरा निघतो. आपल्या भागातल्या गाडीला मी नेहमीच पहिली पसंती देतो. मात्र आपल्या उन्हाने रबर वाळते, डॅशबोर्डला भेगा जातात, काचांच्या कडेचे रबर ठिसूळ होते, आणि हे सगळे नवे बसवावे लागेल असे धरूनच किंमत लावावी.

बोलीबद्दल थोडक्यात सांगतो. अनामत रक्कम आधी भरावी लागते. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते, म्हणजे नंतर दोष निघाला तर तक्रारीला जागा राहत नाही. हातोडा ज्या आकड्यावर पडतो त्यावर आयोजकांचे कमिशन आणि त्यावरचा कर वेगळा असतो, म्हणून अटींचा कागद आदल्या रात्रीच वाचून ठेवा. आम्ही प्रत्येक गाडीसाठी कमिशन, वाहतूक, टायर आणि नावावर करण्याचा खर्च वजा करून अखेरचा आकडा वहीत लिहिला होता, आणि बोलीसाठी वर करायची क्रमांकाची पाटी त्या गाडीच्या प्रेमात नसलेल्या मित्राच्या हाती दिली होती. एका अॅम्बेसेडरची बोली आमच्या आकड्याच्या पुढे गेली तेव्हा आमचा गॅरेजवाला मित्र खुर्चीवरून अर्धा उठला होता, पण पाटीवाल्याने ती मांडीखाली दाबून धरली. मित्र बरोबर असण्याचा सर्वांत मोठा लाभ मला या क्षणी दिसला.

आम्ही घेतली ती दुसरी येझदी. टाकीवरचा रंग उडालेला, सीट फाटलेली, पण चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर आरसीशी जुळत होते आणि कारखान्यातला मूळ रंग सीटखाली अजून शाबूत होता. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत या गाड्या तयार होत होत्या. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. डाव्या बाजूचा हा दांडा उभा करून किक मारायची आणि इंजिन सुरू झाले की तोच पुढे वळवून गिअर टाकायचे. पाहणीच्या दिवशी हा दांडा हाताने आत-बाहेर, पुढे-मागे करून पाहावा. तो ढिला असेल किंवा जागेवर बसत नसेल, तर आतला दाता झिजलेला असतो.

गाडी मिळाली तरी ती चालवत आणू नका. किती वर्षे उभी आहे हे ठाऊक नसलेल्या गाडीच्या ब्रेकवर आणि टायरवर पुणे-सोलापूर महामार्गावर विसंबणे धोक्याचे आहे. दुचाकी छोट्या हत्तीतून, म्हणजे लहान टेम्पोतून, येते, चारचाकीसाठी टोइंगची गाडी ठरवावी. विक्रेत्याने स्वेच्छेने विकलेली गाडी नेहमीच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर नावावर होते. सरकारी खात्याने जाहीर लिलावात काढलेल्या गाडीसाठी ३२ नंबरचा फॉर्म लागतो आणि ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. गाडी कर्नाटक किंवा तेलंगणातली असेल, तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमा काढताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवून घ्या, कारण एवढ्या जुन्या गाडीची किंमत तक्त्यात मिळत नाही.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे गॅस्केट बदला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यात फुगून चिरते, म्हणून नवे पाइप घेताना ते इथेनॉलला टिकणारे आहेत का हे दुकानदाराला विचारा. फियाट किंवा अॅम्बेसेडर घेतली असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे असताना, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते. तेव्हा बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच पुन्हा स्टार्टर मारावा.