सेंट मॅग्डेलिन घेताय? आधी लेबल वाचा

सेंट मॅग्डेलिन आणि लिनलिथगो ही स्कॉच व्हिस्कीच्या एकाच डिस्टिलरीची नावं. वेगळी समजून दोनदा खिसा रिकामा करू नका. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या लोलँड भागातली ही डिस्टिलरी 1983 मध्ये बंद झाली, तिथे आता फ्लॅट आहेत. म्हणजे गाळल्याचं साल त्यानंतरचं दिसलं तर बाटली बनावट. शिवाय काचेत व्हिस्की मुरत नाही. विक्रेत्याला पिंपातली वर्षं विचारा.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की अल्कोहोल बूच खातं. जुनं बूच ठिसूळ असतं: ते घट्ट धरून बाटली सावकाश फिरवा. तरी तुटलंच तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. 60 टक्क्यांवर अल्कोहोल असलेली कास्क स्ट्रेंथ (पिंपातून पाणी न मिसळता भरलेली) असेल तर 30 मिलीला पाव छोटा चमचा पाणी, मग 10 मिनिटं थांबा. बर्फ? अजिबात नको.