नवे पॅड बसवल्यावर ब्रेक वाजतोय?
पहिल्यांदाच घरी पॅड बदललेत, उत्तम केलंत. आवाज आला म्हणून लगेच सगळं पुन्हा उघडू नका. नवा पॅड जुन्या डिस्कवर नीट बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम दाबाने ताशी ५० किलोमीटरवरून १०पर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या. बारीक चीं-चीं बहुतेकदा इथेच थांबते.

नाही थांबली, तर चाक काढून एवढंच बघा:
- पॅड धरणाऱ्या जुन्या क्लिपा गंजासकट तशाच ठेवल्यात का?
- पॅडमागची शिम (पातळ पत्रा) लावायची राहिली का? काही सेटमध्ये ती येतच नाही.
- ग्रीस ब्रेकचंच हवं, आणि तेही फक्त पॅडच्या पाठीला व कडेला बाहेर आलेल्या कानांना. घासणाऱ्या बाजूला मुरलं असेल तर पॅड बदलाच.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर असेल, तर मात्र गाडी जागची हलवू नका.