सीडी चालत नाही, पाइप अडकतो

प्रश्न : सी भाषेत छोटा शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) लिहितो आहे. ओळ वाचतो, शब्द सुटे करतो, मग फोर्क (चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, नक्कल बनवतो; ती नक्कल म्हणजे चाइल्ड), एक्झेकव्हीपी (चाइल्डमध्ये कमांड चालवतो) आणि वेटपिड (चाइल्ड संपायची वाट पाहतो). साध्या कमांड चालतात. डिरेक्टरी बदलणाऱ्या सीडी कमांडसाठी चाइल्डमध्ये सीएचडिर हे फंक्शन बोलावतो. ते शून्य परत करतं, म्हणजे यशस्वी, तरी डिरेक्टरी बदलत नाही. शिवाय एलएसचं आउटपुट (फाइलींची यादी) पाइपने डब्ल्यूसीला (ओळी-शब्द मोजणारी कमांड) दिलं की आकडे येत नाहीत आणि शेल लटकतो. कुठे बघू?

उत्तर : दोन्हीकडे एकच प्रश्न स्वतःला विचारा : ही गोष्ट कोणत्या प्रोसेसची?

सीएचडिर खोटं बोलत नाही. त्याने डिरेक्टरी बदलली, पण चाइल्डची. चालू डिरेक्टरी प्रत्येक प्रोसेसची आपापली असते; चाइल्ड संपला की त्याची त्याच्याबरोबर गेली. म्हणून फोर्क करण्याआधीच पहिला शब्द तपासा आणि तो सीडी असेल तर सीएचडिर शेलमध्येच बोलावा. एक्झिटही तसंच. याची लाज वाटून घेऊ नका. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरच्या युनिक्समध्ये फोर्क आल्यावर लवकरच डिरेक्टरी बदलणारी कमांड अशीच बंद पडली होती आणि कारण सापडेपर्यंत सगळे कोड चाळत बसले होते, असं युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनीच लिहून ठेवलं आहे.

आता पाइप. तुमचा कोड पाहिलेला नाही, तरी पैज लावतो : कुठेतरी क्लोज बोलवायचं राहिलंय. डब्ल्यूसी फाइल संपेपर्यंत वाचत राहतो, आणि पाइप ‘संपला’ असं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तेव्हाच सांगतो जेव्हा त्याचं लिहिण्याचं टोक कोणाकडेच उघडं नसतं. पाइप शेलने बनवला, मग दोनदा फोर्क केलं. म्हणजे ते टोक तिघांकडे गेलं. एलएस संपल्यावर त्याचं मिटलं. शेलचं उघडंच आहे. डब्ल्यूसीचंही उघडं असेल तर तो स्वतःच कधीतरी काही लिहील म्हणून स्वतःचीच वाट पाहतोय! डप-टूने पाइपचं टोक इनपुट किंवा आउटपुटच्या जागी जोडल्यावर दोन्ही चाइल्डमध्ये पाइपची दोन्ही मूळ डिस्क्रिप्टर (उघड्या टोकांचे क्रमांक) बंद करा, आणि दोन्ही फोर्क झाल्यावर, वाट पाहायला लागण्याआधी, शेलमध्येही.

लिनक्सवर असाल तर अंदाज करत बसू नका. शेल लटकलेला असतानाच दुसऱ्या टर्मिनलमधून प्रॉक डिरेक्टरीत जा, त्यात शेलच्या प्रोसेस क्रमांकाची, तिच्यात एफडी नावाची. तिथे पाइपची नोंद दिसली की चोर सापडला. मग तेच डब्ल्यूसीसाठी करा. त्याच्याकडे पाइप फक्त शून्य क्रमांकावर, म्हणजे इनपुटच्या जागी, दिसायला हवा.

वेटपिड कुठे आहे तेही बघा. एलएस संपायची वाट पाहून मग डब्ल्यूसी सुरू करत असाल, तर लहान डिरेक्टरीत सगळं छान चालेल आणि मोठ्या आउटपुटला पुन्हा लटकेल. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ केबी मावतात. ते भरले की लिहिणारा थांबतो, आणि वाचणारा तर अजून जन्मलेलाच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण चुकीची कमांड दिल्यावर तुमच्या शेलमधून बाहेर पडायला एक्झिट दोनदा द्यावं लागतं का? तसं असेल तर एक्झेकव्हीपी फसल्यावर चाइल्ड पुढचाच कोड चालवत दुसरा शेल होऊन बसतोय. त्या ओळीनंतर लगेच पीएररने चूक छापा आणि अंडरस्कोरवालं एक्झिट १२७ देऊन बोलावा. साधं एक्झिट नको. फोर्कच्या वेळी बफरमध्ये राहिलेलं आउटपुट त्याने दुसऱ्यांदा छापलं जाऊ शकतं.