रिकामी बाकं, दोन गट आणि एक मंडळी

महाराष्ट्रातल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात: उपासनेला माणसं कमी झाली, आणि जी आहेत त्यांच्यात फूट पडली. त्यातले चार प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि मंडळ्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची मंडळी मुंबईच्या उपनगरातली. काही वर्षांपूर्वी रविवारी १३० माणसं असायची, आता ८० भरली तरी खूप. पाळकसाहेब पुलपिटावरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) दर आठवड्याला बोलतात, पंच, म्हणजे कमिटीचे सभासद, सूचनांच्या वेळी बोलतात. फरक शून्य. काय करावं?
(पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचे, एक सेक्रेटरी)

उत्तर : सलाम. पुलपिटावरचं बोलणं आधी थांबवा. ते ऐकतात कोण, तर जे आलेत ते. न आलेल्यांचा राग त्यांच्यावर निघत राहिला, तर त्यातलेही दोन-चार गळतात.

मग आकड्याकडे नीट बघा. समजा मंडळीत येणारी-जाणारी १०० माणसं आहेत आणि प्रत्येक जण चार रविवारांपैकी तीन रविवार येतो. दर रविवारी ७५ दिसतील. तीच माणसं दोनच रविवार येऊ लागली की ५० दिसतील. एकानंही मंडळी सोडलेली नाही, तरी तिसरा हिस्सा बाकं रिकामी. असं पुष्कळ ठिकाणी झालेलं असतं, आणि पंच मात्र ‘लोक दुसऱ्या फेलोशिपला पळाले’ म्हणून हळहळत बसतात. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, तेव्हा नेमकं काय झालंय ते आधी कळायला हवं.

त्यासाठी लागोपाठ आठ रविवार नावानिशी हजेरी ठेवा. नाताळ, झावळ्यांचा रविवार, ईस्टर, कापणीचा सण हे रविवार धरू नका, त्या गर्दीनं सरासरी फुगते. मे महिनाही नको, निम्मी घरं गावी असतात. दारात वही घेऊन कुणाला उभं करू नका. उपासना संपल्यावर दोघांनी बसून आठवून लिहायचं: एक डावीकडच्या बाकांवर बसणारा, एक उजवीकडच्या. ऐंशी नावांना दहा मिनिटं लागतात. शब्बाथ शाळेची (रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाची) मुलं वेगळी मोजा. वही पाळकांच्या कपाटात राहू द्या. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, किंवा निवडणुकीत कुणाचं मत धरायचं हे ठरवायला ती बाहेर निघाली, की वही संपली. पुढे कुणी खरं लिहिणार नाही.

आठ आठवड्यांनी मंडळीचं रजिस्टर शेजारी ठेवून बघा. काही घरं बदलापूर-विरारकडे राहायला गेलेली असतात आणि ज्यांनी ट्रान्सफरचं पत्र नेलं नाही त्यांची नावं तशीच पडलेली असतात. त्यांना फोन करा, पत्र द्या, जवळच्या मंडळीच्या पाळकांना कळवा. काहींची रविवारी ड्यूटी असते. नर्सिंग, रेल्वे, सिक्युरिटी, मॉल, सगळीकडे हीच रड. काही म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही. काही दुखावलेले असतात. आणि काहींच्या बाबतीत कारणच नसतं: एक रविवार चुकला, कुणी विचारलं नाही, दुसरा चुकला. ही शेवटची यादी सगळ्यांत मोठी निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. हीच माणसं परत आणायला सगळ्यांत सोपी असतात.

ड्यूटीवाल्यांसाठी लगेच दुसरी उपासना सुरू करू नका. ८० माणसांच्या मंडळीत दोन उपासना म्हणजे दोन अर्धवट उपासना, आणि गायनाला पेटीवाला एकच. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आठवड्यातल्या एका संध्याकाळी ४५ मिनिटांची प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीची) उपासना ठेवा. जिना न चढणाऱ्यांकडे पाळकांनी प्रभुभोजन घरी न्यावं, सोबत शेजारचं एखादं कुटुंब बसवावं.

आता भेटींबद्दल. लागोपाठ दोन रविवार नाव नसेल तर फोन, तीन झाले की घरी भेट. जायचं दोघांनी, शक्यतो एक बाई एक पुरुष. खजिनदाराला पाठवू नका, आणि वर्गणीचं पावतीबुक तर पिशवीतसुद्धा नको. ते दिसलं की भेटीचा अर्थ बदलतो. ‘चर्चला का येत नाही?’ हा प्रश्न विचारायचा नाही. घरचं विचारा: आजारपण, मुलांची परीक्षा, नोकरी. तक्रार निघाली तर मंडळीचा बचाव करू नका, ऐकून घ्या. अर्ध्या तासाच्या आत छोटी प्रार्थना करून उठा. आणि त्यांनी सांगितलेल्या एका तरी गोष्टीचं उत्तर आठवड्याच्या आत त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे, मग ते ‘हे जमणार नाही’ असं का असेना. भेट दिली आणि पुढे काहीच झालं नाही, तर न गेल्यापेक्षा वाईट.

पण पाळकांनी एकट्यानं सगळी घरं करायची म्हटली तर वर्ष जाईल. इथे आपली जुनी मेथडिस्ट रीत कामाला येते. १७४२च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज कसं फेडायचं यावर सभा बसली होती. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते कसं परवडणार, असं कुणी म्हणताच ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांच्या वाट्याचं मी भरीन. बारा-बारांचे क्लास, म्हणजे छोटे गट, पडले, प्रत्येकाला एक लीडर. तो दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागला आणि कुठे दारू चालू आहे, कुठे नवरा-बायकोचं पटत नाही, कुठे चूल पेटलेली नाही हे त्याला दिसू लागलं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी तिथेच ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे घरोघर फिरणं अवघड जाऊ लागलं तेव्हा क्लास एका जागी जमू लागला.

तुम्ही प्रत्येक क्लासलीडरकडे चार-पाच घरं द्या, जास्त नको. घरं राहण्याच्या जागेवरून वाटा, नात्यावरून नको. महिन्यातून एकदा कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा: दोन गीतं, एक शास्त्रपाठ, प्रत्येकाचं घरचं वर्तमान, प्रार्थना. पाऊण तास. तिघेच आले तरी ठरल्या वेळी सुरू करा. कॉटेज मीटिंगा दोन कारणांनी बुडतात. एक म्हणजे कुणीतरी तिथे दुसरं प्रवचन सुरू करतो. दुसरं म्हणजे खाणं. पहिल्या घरी चहा-बिस्किट असतं, दुसऱ्या घरी समोसे, चौथ्या घरी बिर्याणी, आणि पाचवं घर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतं. पाचव्या घराची ऐपत कमी असते, एवढंच. म्हणून चहा आणि बिस्किट, यापलीकडे काही नाही, असा ठराव पहिल्याच दिवशी करा आणि ऐपतवाल्या घरानं तो आधी पाळावा. सगळे लीडर महिन्यातून एकदा पाळकांसोबत बसले की पुरे.

आणि घड्याळ. पत्रिकेवर नऊ, प्रत्यक्षात सव्वानऊ, सूचना वीस मिनिटं, असं असेल तर लहान मुलांची आई दोन वेळा येईल, तिसऱ्यांदा नाही. सूचना लिहून, पाच मिनिटांत. सगळी उपासना दीड तासात.

प्रश्न : पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीपासून आमच्यात सरळ दोन गट पडले आहेत. मूळ वाद हॉलच्या दुरुस्तीच्या पैशांचा. आता बसायची बाकंही वेगळी. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चिखलफेक. दोन्ही गट प्रभुभोजन मात्र घेतात. एकी कशी आणायची?
(एक बहीण, पुणे)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वाद एकमेकांत गुंतले आहेत. एक हिशेबाचा, दुसरा मनाचा. हिशेबाचा वाद प्रार्थनेनं सुटत नाही आणि मनाचा वाद ताळेबंदानं सुटत नाही. आधी हिशेब घ्या, कारण तो मोकळा झाला की अर्ध्या आरोपांना बसायला जागा उरत नाही.

दुरुस्तीचा हिशेब एका कागदावर मांडा: किती देणगी आली, कुणाला किती, कोणत्या तारखेला, कोणत्या बिलावर दिलं, बँकेत किती उरलं. दोन्ही गटांना मान्य असलेल्या बाहेरच्या हिशेबनिसाकडून तो तपासून घ्या आणि फलकावर लावा. एखादं बिल सापडत नसेल तर ‘बिल उपलब्ध नाही’ असं त्याच कागदावर लिहा. लपवलेलं एक बिल दाखवलेल्या पन्नास बिलांवर पाणी फिरवतं. पुढे दर रविवारचं दानार्पण एकाच घरातल्या नसलेल्या दोघांनी चर्चमध्येच मोजायचं, नोटांची फोड वहीत लिहायची, दोघांनी सही करायची, सोमवारी बँकेत. चेकवर दोन सह्या, आणि कोरा चेक सही करून ठेवायचा नाही.

मनाच्या वादासाठी बायबलात मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत: आधी दोघांनी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मंडळीपुढे, म्हणजे ग्रुपवर, आधी आणि एकांतात कधीच नाही. खुद्द वेस्ली बंधूंवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हा प्रसंग आला होता. जानेवारी १७५२मध्ये त्यांनी एक करार लिहून त्यावर सह्या केल्या. त्यातली कलमं अशी: एकमेकांबद्दल वाईट ऐकायला जाणार नाही. कानावर आलंच तर लगेच खरं मानणार नाही. शक्य तितक्या लवकर ते त्याच माणसाला बोलून किंवा लिहून कळवू. तोवर दुसऱ्या कुणाजवळ त्याचं अवाक्षर काढणार नाही, आणि कळवून झाल्यावरही नाही. ही कलमं मराठीत एका कागदावर घ्या, दोन्ही गटांतल्या पंचांनी आधी सह्या कराव्यात.

समोरासमोर बैठक डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटनी (डी.एस., म्हणजे आसपासच्या मंडळ्यांवर देखरेख करणारे पाळक) घ्यावी. पाळक एका गटाचे समजले जात असतील तर त्यांनी अध्यक्षपद घेऊ नये. दोन्हींकडून तिघे-तिघे, त्यात सगळ्यांत मोठा आवाज असलेले नकोत. एका बाजूनं दहा मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. मग दुसऱ्या बाजूनं उत्तर न देता फक्त सांगायचं: ‘तुमचं म्हणणं आम्हाला असं कळलं.’ बोलणाऱ्यानं ‘हो, हेच’ म्हटल्यावरच पाळी बदलते. पहिल्या खेपेला कंटाळवाणं वाटतं, पण भांडणातली निम्मी वाक्यं समोरच्यानं उच्चारलेलीच नव्हती हे इथे उघड होतं. दोन तासांत थांबा. चार-पाच मुद्दे लिहून सह्या घ्या, आणि महिन्याभरानं पुन्हा बसायची तारीख त्याच दिवशी ठरवा. तारीख न ठरवता उठलात तर हे सगळं वाया.

ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं अशी सोय करा. ॲडमिन दोन, दोन्ही गटांतला एकेक. उपासनेची वेळ, आजारपण, अंत्यविधी, एवढंच. बाकांचं म्हणाल तर लोकांना जागा बदलायला सांगू नका. त्याऐवजी कामाच्या पाळ्या मिसळा: दानार्पणाच्या थाळ्या, शास्त्रपाठ, प्रभुभोजनाची तयारी, या प्रत्येक कामाला दोन्हीकडचा एकेक माणूस. पेले धुताना दोघांना बोलावंच लागतं.

प्रभुभोजन कुणाला नाकारू नका. मात्र आधीच्या रविवारी मत्तय ५:२३-२४ (अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर) वाचा आणि समेटासाठी मध्ये सात दिवस आहेत हे स्पष्ट सांगा.

एक गोष्ट या सगळ्यातून बाहेर ठेवा. स्त्रीवर किंवा मुलावर अत्याचाराचा आरोप असेल तर ‘घरातलं घरात मिटवू’ चालणार नाही. मुलांच्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. तिथे समेटाची बैठक घेणं हाच दुसरा अन्याय.

प्रश्न : सगळ्याचं मूळ पाळकच आहेत असं पुष्कळांचं मत आहे. बदलीसाठी सह्यांची मोहीम काढावी का?

उत्तर : नको. आपल्याकडे पाळकांची नेमणूक बिशप करतात, आणि बदली आज ना उद्या होतेच. सह्यांची मोहीम मात्र मागे राहते: कुणी सही केली, कुणी केली नाही, हे नवीन पाळक आल्यावरही लोक विसरत नाहीत. तक्रार असेल तर ती डी.एस.कडे लेखी, स्वतःच्या नावानं, तारीख-वार घालून द्या. ‘पाळक आजाऱ्यांना भेटत नाहीत’ असं लिहू नका. ‘अमुक महिन्यात दोन बहिणी दवाखान्यात होत्या, कळवूनही भेट झाली नाही’ असं लिहा. आणि ते पत्र देण्याआधी हेच वाक्य पाळकांना तोंडावर सांगितलं आहे का, ते बघा.

प्रश्न : नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी कराराची उपासना (देवाशी केलेला करार सगळ्यांनी मिळून नव्यानं करण्याची) ठेवून त्यात सगळ्यांना हात मिळवायला लावावं, असा विचार आहे. योग्य होईल का?
(महिला समाजाच्या अध्यक्षा)

उत्तर : उपासना जरूर ठेवा, हात मिळवायला लावणं सोडा. सगळ्यांसमोर मिळवलेला हात नाकारता येत नाही, म्हणून त्याला किंमत राहत नाही. ज्याचं मन अजून तयार नाही तो पुढच्या वेळी येणारच नाही.

वेस्लींनी ही उपासना पहिल्यांदा घेतली ती ११ ऑगस्ट १७५५ रोजी, लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये. सुमारे १८०० लोक उभे राहिले होते. पण त्यांनी हा विषय आधीच मंडळीपुढे मांडला होता, पुढचे काही दिवस सकाळी त्यावर समजावून सांगितलं होतं, आणि शुक्रवारी अनेकांनी उपवास धरला होता. आपण नेमकी ही तयारी गाळतो आणि ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला (वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला) घोषणा करून मोकळे होतो.

तुम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करारातले शब्द छापून घरोघर द्या. क्लासलीडरांनी त्या महिन्याच्या कॉटेज मीटिंगमध्ये तेच वाचावेत. महिला समाजानं दोन्ही गटांतल्या बहिणींच्या जोड्या लावून आजाऱ्यांच्या घरी नाताळचा फराळ पोचवावा, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, म्हणजे कुणी ठरवल्या हा वाद नको. वॉचनाइटला वर्षातून एकदा येणारे लोक भरपूर असतील. त्यांना ‘आज बरे दिसलात!’ असं दारात कुणी म्हणणार नाही याची काळजी तुम्हीच घ्या, हा टोमणा बहुधा आपल्याच ज्येष्ठ बहिणींकडून येतो. त्यांची नावं मात्र त्या रात्रीच टिपून ठेवा आणि १५ जानेवारीच्या आत त्यांच्या घरी जा.