मागाविना मणीविणकाम : पुस्तक समोर ठेवून शिकणाऱ्यांचे प्रश्न

सुई, दोरा आणि काचमणी एवढ्याच सामानावर, मागाशिवाय होणाऱ्या विणकामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रांत एक तक्रार आहेच : ‘पुस्तकात दिलंय तसंच केलं, तरी जमलं नाही.’ पत्रांसोबत आलेले फोटो पाहता, दोष हातांचा फार कमी ठिकाणी आहे. मण्याचं माप वेगळं आहे, दोरा चुकीचा आहे, किंवा आकृतीत दोरा कसा फिरतो ते नीट पाहिलेलं नाही.

प्रश्न : माझ्याकडे इंग्रजी पुस्तक आहे. आकृत्या कळतात, पण सूचनांमधले ‘पास थ्रू’ आणि ‘पास बॅक थ्रू’ यांत घोळ होतो. शिवाय एका पुस्तकात ‘गोर्ड स्टिच’ आहे, दुसऱ्यात तोच टाका ‘पेयोटी’ म्हणून दिसतो. (नाशिक)

उत्तर : मणी ज्या दिशेने ओवला, त्याच दिशेने सुई पुन्हा त्यातून नेली की तो ‘पास थ्रू’. उलट दिशेने नेली की ‘पास बॅक थ्रू’. झालर करून पाहा : १० मणी ओवा, शेवटचा सोडा आणि उरलेल्या ९ मण्यांतून वर परत या. हा ‘पास बॅक थ्रू’. चार मण्यांचं वर्तुळ बंद करताना सुई पहिल्या मण्यात ज्या बाजूने आधी शिरली होती त्याच बाजूने पुन्हा शिरते, तो ‘पास थ्रू’. ही दिशा उलटली की वर्तुळाचा फास होतो आणि मणी आडवेतिडवे पडतात.

आकृती वाचण्याची एक सवय लावून घ्या. रंगीत मणी डोळ्यांत भरतात, म्हणून आपण तेच बघत बसतो. त्याऐवजी आकृतीची छायाप्रत काढा, दोरा कुठून निघतो तिथे पेन्सिलीने ठिपका द्या, प्रत्येक मण्याला क्रमांक घाला आणि दोऱ्यावर बाण काढत शेवटपर्यंत जा. बऱ्याच पुस्तकांत आधीच्या ओळीचा दोरा फिका आणि चालू ओळीचा गडद असतो. आपल्याला फक्त गडद रेघ धरायची आहे. पहिला नमुना ८/० मापाच्या, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरच्या मण्यांत करा आणि प्रत्येक ओळीला रंग बदला. चूक कुठल्या ओळीत झाली ते लांबून दिसतं.

नावांचं म्हणाल, तर हे टाके वेगवेगळ्या लोकांच्या हातून आलेत, म्हणून नावंही अनेक आहेत. ‘पेयोटी’ हे नाव अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चमधील विधीच्या वस्तूंवरून पडलं. गोर्ड म्हणजे भोपळा. खुळखुळ्याच्या भोपळ्याची मूठ अशा विणीने मढवतात, म्हणून तोच ‘गोर्ड’ टाका. ब्रिक टाक्याला कोमान्ची टाकाही म्हणतात. हेरिंगबोन टाक्याला दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले लोकांचं नाव आहे.

प्रश्न : पेयोटीची पट्टी सुरू केली की पहिल्या दोन-तीन ओळी पिळवटतात, मणी जागेवर राहत नाहीत. चार वेळा उसवलं. पुस्तकात पहिली ओळ कुठे संपते तेच कळत नाही. (सांगली)

उत्तर : तिथेच खरी मेख आहे. सुरुवातीला जे मणी ओवतो ती एक ओळ नसून दोन ओळी असतात. तिसरी ओळ घातल्यावर एकाआड एक मणी खाली सरकतात, तेव्हा त्या वेगळ्या दिसतात.

१२ मण्यांची पट्टी घेऊ. दोरा दीड मीटर. आधी वेगळ्या रंगाचा एक मणी ओवून त्यातून सुई पुन्हा एकदा नेऊन तो अडकवा. मागे २० सेंटिमीटर दोरा सोडा. हा अडसर मणी शेवटी काढायचा आहे, म्हणून दुसऱ्यांदा जाताना सुईने दोरा फाडू नका. मग १२ मणी ओवा. १३वा मणी घ्या, १२वा सोडा, ११व्यातून सुई काढा. १४वा घ्या, १०वा सोडा, ९व्यातून काढा. असं करत १८वा मणी घेऊन १ल्या मण्यातून बाहेर पडा. ही तिसरी ओळ, ६ मण्यांची. आता तुमचा चालू दोरा आणि मागे सोडलेला दोरा एकाच बाजूला असतील. दोन्ही एकत्र धरून ओढा आणि नखाने मणी दाबून दात पाडून घ्या : एक वर, एक खाली. काम उलटवून १९वा मणी घ्या, १८व्यातून जा. २०वा घ्या, १७व्यातून जा. इथून पुढे फक्त वर आलेल्या मण्यांतूनच सुई जाते, खालच्या खाचेत नवा मणी बसतो. चौथी-पाचवी ओळ होईपर्यंत पट्टी हातात वळवळतेच. ती प्रत्येकाची वळवळते, उसवू नका. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने घट्ट चिमटीत धरून ठेवा.

काठाचा मणी सैल राहतो, कारण वळल्यावर पहिला मणी घेताना आपण दोरा वर ओढतो. तो ओळीच्या रेषेत, आडवा ओढा. आणि उसवायची वेळ आलीच तर सुई दोऱ्यातून काढून मग दोरा मागे ओढा. सुई आल्या वाटेने परत घातली तर ती आधीच्या दोऱ्यात घुसते आणि गाठ पक्की होते.

ओळी मोजताना काठाची उभी रांग आणि तिला लागून असलेली रांग, दोन्हींतले मणी मोजून बेरीज करा. मध्यभागी रेघ असलेल्या नक्षीला विषम संख्या लागते आणि तिथे एका काठाला वळण्यासाठी वेगळी युक्ती करावी लागते. पहिले दोन-तीन नमुने सम संख्येचेच असू द्या.

प्रश्न : पुस्तकात जपानी डेलिका मणी सांगितलेत. मी बाजारातून सुटे ११ नंबरचे मणी आणले. पट्टी लाटांसारखी झाली आणि नक्षीतलं फूल ताणल्यासारखं दिसतं. (पुणे)

उत्तर : ११ हा आकडा दोन्हींवर असला तरी मणी वेगळे आहेत. नंबर जितका मोठा तितका मणी लहान : गोल मण्यांत ६/० सुमारे ४ मिलिमीटर, ८/० सुमारे ३, ११/० सुमारे २, १५/० सुमारे दीड. मियुकी या जपानी कंपनीचा डेलिका ११/० नळकांड्याच्या आकाराचा असतो, १.६ मिलिमीटर व्यासाचा आणि १.३ मिलिमीटर लांबीचा, भिंत पातळ आणि भोक मोठं. तो विटेसारखा शेजारच्या मण्याला चिकटून बसतो. गोल मण्याचं उंची-रुंदीचं प्रमाण वेगळं, म्हणून त्याच आलेखावरचं फूल ताणलं जातं.

लाटा येतात त्या मणी आपसांत लहानमोठे असल्यामुळे. जाड मणी एका ओळीत जमले की ती ओळ लांबते आणि पट्टीला जागा पुरत नाही. म्हणून निवडून घ्या : सुईवर १० मणी ओवा, शेजारी दुसऱ्या सुईवर १०, आणि लांबी ताडून पाहा. फार जाड, फार चपटे, तिरप्या भोकाचे बाजूला काढा. भोकाचीही परीक्षा करा. सुईत दोरा घालून मण्यातून चार वेळा जाता आलं पाहिजे, कारण टोकं लपवताना त्याच मण्यातून पुन्हा जावं लागतं. बाजूला काढलेले मणी फेकू नका, झालरीला आणि जाळीच्या विणीला ते उत्तम चालतात. उत्तर प्रदेशातल्या बनारस आणि पुरदिलनगरच्या काचमण्यांचा रंग आम्हाला फार आवडतो. त्यांना सपाट पेयोटीत अडकवण्यापेक्षा जाळीत मोकळं सोडलं की ते शोभतात.

किती मणी लागतील ते आधीच काढता येतं. १२ मण्यांची डेलिका पट्टी १२ × १.३, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर रुंद होते. दोन ओळी मिळून १.६ मिलिमीटर उंची. १६ सेंटिमीटर लांबीला २०० ओळी, दर ओळीत ६ मणी, एकूण १२००. एका ग्रॅममध्ये सुमारे २०० डेलिका येतात, तेव्हा ६ ग्रॅम. निवडीत जाणारे धरून ८ ग्रॅम घ्या.

रंगवलेल्या मण्यांचा रंग हाताला लागतो, घामाने उतरतो. विकत घेतल्यावर पाच-सहा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये १५ मिनिटं ठेवा आणि ओल्या कापसावर घासा. कापूस रंगला तर ते मणी बांगडीत वापरू नका, भिंतीवरच्या तोरणात वापरा.

प्रश्न : आम्ही लहानपणापासून तंगुसाची दोन टोकं एकमेकांतून काढून मोत्यांची तोरणं, पर्स, कलश विणतो. पुस्तकातला ‘राइट अँगल वीव्ह’ त्यासारखाच दिसतो. मग एका सुईने नव्याने शिकायचं कशाला? (नागपूर)

उत्तर : तुमचा अंदाज बरोबर आहे, वीण तीच. चार मण्यांचा चौकोन, आणि शेजारच्या दोन चौकोनांत एक मणी सामाईक. तुमच्या पद्धतीत दोन टोकं सामाईक मण्यात समोरासमोरून जातात. एका सुईच्या पद्धतीत दोरा एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून असा आठच्या आकड्यासारखा फिरतो. ज्यांना तंगुसाची सवय आहे त्यांना हा टाका पुस्तकातून सर्वांत लवकर येईल, कारण चौकोन नजरेत बसलेला आहे.

एका सुईने असं करा. ४ मणी ओवा, १, २, ३ मधून पुन्हा जाऊन तिसऱ्यातून बाहेर या. ३ नवे मणी (५, ६, ७) घ्या, तिसऱ्यातून त्याच दिशेने पुन्हा जा, मग ५ आणि ६ मधून पुढे व्हा. सहावा मणी तिसऱ्याच्या समोरचा आहे. पुढचा चौकोन त्याच्यावर. ओळ संपली की समोरच्या मण्याऐवजी बाजूच्या मण्यातून बाहेर पडा. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या चौकोनाला ३ मणी, त्यापुढे प्रत्येकी २, कारण खालचा आणि शेजारचा असे दोन आधीच मिळालेले असतात. पाच चौकोनांच्या पहिल्या ओळीत १६ मणी आणि दुसरीत ११ भरले तर गणित बरोबर.

एकच गोष्ट पाळायची : एका चौकोनातून पुढच्यात दोरा कधीही सरळ उडी मारत नाही, तो मण्याच्या काटकोनातूनच वळतो. कोपऱ्यावर तिरपा उघडा दोरा दिसला की तिथे उडी मारली आहे.

तंगूस मोठ्या प्लास्टिक मोत्यांना ठीक. २ मिलिमीटरच्या मण्यांत मात्र ते ताठ राहतं, वेटोळ्याची आठवण सोडत नाही, गाठ सुटते आणि उन्हात काही काळाने ठिसूळ होतं. या कामाला फायरलाइनसारखा गुंफलेला दोरा, ६ पौंडांचा (हा आकडा दोऱ्याच्या ताकदीचा), किंवा मेण लावलेला नायलॉनचा मणीदोरा घ्या. नायलॉन ओवण्याआधी हातभर लांबीत ताणून घ्यायचा, नाहीतर दागिना घातल्यावर ताणतो आणि वीण ढिली होते. फायरलाइनच्या करड्या रंगाची काजळी फिक्या मण्यांवर उतरते. आधी कापडातून ओढून पुसा. कापायला जुनी कात्री ठेवा, चांगल्या कात्रीची धार जाते.

प्रश्न : ब्रिक टाक्याच्या त्रिकोणी कानातल्यात काठाला दोरा दिसतो आणि त्रिकोण होतच नाही, चौकोन राहतो. (ठाणे)

उत्तर : शिडी म्हणजे ब्रिक टाक्याची पायाची ओळ, शेजारी शेजारी उभ्या मण्यांची. शिडीच्या ९ मण्यांमध्ये दोऱ्याचे ८ पूल असतात. नवी ओळ नेहमी दोन मण्यांनी सुरू करा, म्हणजे काठाचा दोरा झाकला जातो. आता सुई कुठल्या पुलाखालून जाते त्यावर सगळं ठरतं. पहिल्या पुलाखालून गेली तर पहिला मणी काठाबाहेर लोंबतो आणि ओळीत पुन्हा ९ मणी होतात. दुसऱ्या पुलाखालून गेली तर ८. तुमची सुई पहिल्याखालून जात असणार.

म्हणजे : दोन मणी घ्या, दुसऱ्या पुलाखालून सुई काढा, दुसऱ्या मण्यातून वर या. मग पहिल्यातून खाली आणि दुसऱ्यातून पुन्हा वर, म्हणजे जोडी ताठ उभी राहते. पुढे एकेक मणी, एकेक पूल. ९, ८, ७ करत २ वर आलात की ४४ मणी होतात. वर ५ लहान मण्यांची कडी करून आकडा अडकवा. शिडी वेडीवाकडी असेल तर दुसरी ओळ घालण्याआधी तिच्यातून उलट दिशेने एकदा सुई फिरवा.

प्रश्न : गोल नळीच्या पेयोटीत नक्षी दोन-चार फेऱ्यांनी सरकते. (मडगाव)

उत्तर : सम संख्येच्या नळीत फेरी संपताना सुई दोन मण्यांतून न्यावी लागते : आधीच्या फेरीचा पहिला आणि चालू फेरीचा पहिला. पुस्तकात याला ‘स्टेप अप’ म्हणतात. हे वळण दर फेरीला एक मणी तिरकं सरकतं, म्हणून खूण एकाच जागी शोधू नका. फेरीचा पहिला मणी वेगळ्या रंगाचा ठेवून सराव करा.

प्रश्न : मी डावरी आहे. सगळ्या आकृत्या उलट्या वाटतात. (बेळगाव)

उत्तर : आकृतीचा मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटवा, आरशातल्यासारखा. अक्षरं मात्र मूळ पानावरून वाचा.

प्रश्न : नळीमणी घातलेली बांगडी दोन महिन्यांत तुटली. दोरा पक्का होता. (कोल्हापूर)

उत्तर : नळीमण्यांची कापलेली तोंडं धारदार असतात, तीच दोरा कापतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक ११/० मणी घाला आणि चिरलेल्या नळ्या आधीच निवडून काढा.

तुटण्याचं दुसरं कारण टोकाशी असतं. शेवटी एकच मोठी गाठ मारून दोरा कापला तर ती मण्याच्या भोकात घासून सुटते. त्यापेक्षा दोरा १५ सेंटिमीटर उरला की थांबा. विणीतल्याच वाटेने चार-पाच मणी मागे जा, दोन मण्यांमधल्या दोऱ्याभोवती अर्धी गाठ घ्या, ती पुढच्या मण्यात ओढून घ्या. असं तीन ठिकाणी करा आणि मध्ये एकदा दिशा बदला. नवा दोराही याच रीतीने आत आणून जुना जिथे संपला त्या मण्यातून बाहेर काढा. मगच टोक मण्याला लागून कापा.